भिंतीवरची बंदूक आणि बांधावरची

जुन्या बंदुकांना सध्या बरे दिवस आलेत. म्हणजे बंदुकांना नाही, त्यांच्या आठवणींना. कोकणात एखाद्या जुन्या घराचं होमस्टे झालं की पडवीत एक घंगाळ येतं, कोनाड्यात पितळी समई येते, आणि भिंतीवर गंजलेली, कायमची मुकी झालेली एक बंदूक आडवी चढते. पाहुणे तिच्याखाली उभे राहून फोटो काढतात. रात्री वड्यासागोतीचं जेवण झालं की त्यांच्यातला कोणी तरी पिकल्या केसांचा गृहस्थ सुस्कारा सोडतो, "काय ती दुकानं होती हो एकेकाळी! वेब्ली, ग्रीनर, बी.एस.ए.... आता कुठे राहिलंय ते!"

मला या सुस्काऱ्याची चीड येते. दुकानं गेली हे खरंच आहे, नि त्यांच्या जाण्याचं दुःख मलाही आहे. पण ह्या गृहस्थांना जे गेलं असं वाटतं ते आमचं कधी नव्हतंच, आणि आमचं जे गेलं त्याचा ह्यांना पत्ता नाही. त्यासाठी हा लेख.

आधी दुकानाबद्दल सांगतो, म्हणजे मी कोरडा माणूस आहे असं कुणाला वाटायला नको. आमच्या तालुक्याच्या बाजारपेठेत एक बंदुकीचं दुकान होतं. एका बाजूला कापडवाला, दुसऱ्या बाजूला आयुर्वेदिक औषधांचा दुकानदार, आणि मध्ये हे. दर्शनी फळ्या, आत काचेचं कपाट, कपाटाला दोन कुलपं. कपाटात पाचसहा बंदुका उभ्या असायच्या. आत पाऊल टाकलं की रंगून ऑइलचा वास यायचा. तो वास आणि शिसवी दस्त्यावरचा मेणाचा हात, ह्या दोन गोष्टी मला आजही आठवतात. विलायती दुनळी बंदुकीच्या नळ्यांच्या खाली, लोखंडावर सुईने काढल्यासारखी वेलबुट्टी असायची. आम्ही पोरं काचेला नाक लावून ती बघायचो. दुकानदार हाकलायचा नाही, पण काचेवर उमटलेला नाकाचा ठसा धोतराच्या सोग्याने लगेच पुसायचा.

आता ह्या दुकानात कोण काय घ्यायचं ते बघा. रायफली फार थोड्या. त्या संस्थानिकांच्या नात्यातल्यांच्या, मोठ्या बागायतदारांच्या, एखाद्या निवृत्त सुभेदाराच्या. त्यातही .३०३ ही लष्कराची गोळी, ती साध्या माणसाला नाही. म्हणून ईशापूरच्या सरकारी कारखान्यात .३१५ ची रायफल होऊ लागली. दुनळी काडतुसाची बंदूक गावच्या खोताकडे, एखाद्या वकिलाकडे. आणि आमच्यासारख्या भाताच्या चार कुणग्यांवर जगणाऱ्याकडे? ठासणीची. नळीत दारू घाला, वर चिंधी ठासा, छरे टाका, पुन्हा चिंधी, गजाने ठोका, मग घोड्याखाली केप बसवा. एवढं सगळं करून बार एकच. तो चुकला तर डुक्कर पुढच्या डोंगरावर, आणि तुम्ही अंधारात गज शोधताय.

हे काही आमच्या आवडीनिवडीने ठरलेलं नव्हतं. कायद्यातच तसं आहे. १९५९ चा शस्त्र कायदा काढून वाचा. तेराव्या कलमात शेतकऱ्याचा उल्लेख आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी त्याला ठासणीची बंदूक द्यावी. तेवढ्याने भागत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तरच पुढची. 'शेतीसंरक्षणाची बंदूक' म्हणतात ती हीच. नांगर, जू, इरलं, कोयता आणि ही. आमच्या घरात ती देव्हाऱ्याच्या खोलीत नव्हती, भिंतीवर शोभेलाही नव्हती. औताच्या सामानाशेजारी, माळ्यावर, कांबळ्यात गुंडाळून असायची.

म्हणून जुन्या रायफलींचे उसासे ऐकले की मला विचारावंसं वाटतं, तुम्ही नेमके कुणाच्या आठवणी काढताय? जिम कॉर्बेटला चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली .२७५ ची रिग्बी रायफल भेट मिळाली. ती आज लंडनला रिग्बी कंपनीकडेच जपून ठेवलेली आहे. चांगली गोष्ट आहे. पण त्याच काळात इथल्या शेतकऱ्याची काय गत होती? लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बंद केलं आणि गोऱ्याला सूट दिली. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत ह्या कायद्याविरुद्ध ठराव झाले ते काही शिकारीच्या हौसेने नाही झाले. आपल्याच रानात आपण संशयित आणि परका माणूस पाहुणा, हा अपमान होता तो. विलायती रायफलीच्या चकचकीत नळीत तो अपमानही दिसतो, बघणाऱ्याला डोळे असतील तर.

आणि त्या रायफलींनी केलं काय, तेही सांगितलं पाहिजे. आमच्या गावातसुद्धा बढाया मारणारे कमी नाहीत. अमक्याच्या आजाने एका रात्रीत तीन भेकरं पाडली, तमक्याने वाघ लोळवला. ह्या बढायांचा हिशेब एकत्र केला की त्याची बेरीज येते रिकामं रान. १९५२ साली चित्ता ह्या देशातून संपला असं सरकारनेच जाहीर केलं. त्याचं रान गेलं आणि बंदुकीने उरलेलं काम केलं. १९७२ चा वन्यजीव कायदा आला तो योग्यच आला. मी त्याच्या विरोधात नाही. हौसेची शिकार बंद झाली, बरं झालं. ज्यांना ती परत हवी आहे त्यांच्या ताटात मला जेवायचं नाही.

मग माझं दुःख कसलं?

माझं दुःख त्या दुकानातल्या कपाटाचं नाही, त्याच्या शेजारी ठेवलेल्या वहीचं आहे.

लाल कापडाच्या बांधणीची ती लांब वही. आजोबा परवान्याचं पुस्तक पुढे ठेवायचे. दुकानदार चष्मा लावून परवाना उघडायचा, मुदत बघायचा, वर्षाला किती दारू नि किती केपी मंजूर आहेत ते बघायचा, मागच्या नोंदी बोटाने मोजायचा. मग चौकशी सुरू.

"गेल्या खेपेक पंचवीस केपी न्हेलंस. इतक्यात सपले?"

"दमट झाले रे. धा फुकट गेले."

"मग केळीच्या पानात कित्याक ठेवतंस? पत्र्याच्या डब्यात ठेव."

हे बोलणं संपेपर्यंत दारूची पुडी पुढे येत नसे. नोंद वहीत, नोंद परवान्यावर, सही, अंगठा. ती वही पोलीस येऊन तपासायचे. पण पोलिसांच्याही आधी ती तपासायचा दुकानदार, कारण तो प्रत्येक परवान्यामागचा माणूस ओळखून होता. एकदा आमच्या देखत एक जण थोडी घेऊन आला. परवाना चोख, पैसे रोख. दुकानदाराने परवाना मिटून परत दिला. "आज गावाचा नाय. उद्या ये, नि येताना बायलेक घेवन ये." तो माणूस चरफडत गेला. दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन आला की नाही मला माहीत नाही. पण त्या दिवशी त्याच्या घरात दारू गेली नाही, एवढं नक्की. कुठल्या कायद्यात लिहिलं होतं हे? कुठल्याच नाही. शंभर मैलांवरच्या कचेरीत बसलेल्या साहेबाला हे कधी जमलं असतं?

बंदूक म्हणजे भीती, एवढंच ज्यांना कळतं त्यांना हे सांगून पटत नाही. पण ज्या गावात चार बंदुका आहेत आणि त्या चारही कुणाकडे आहेत, कुठे आहेत, त्यांत किती बार आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते गाव घाबरलेलं नसतं. भीती असते ती न नोंदलेल्या गोष्टीची.

हे दुकान एका दिवसात बंद पडलं नाही. एकोणीसशे ऐंशीच्या दशकात विलायती बंदुकांची आयात बंद झाली, कपाटात उरल्या त्या सेकंडहँड आणि सरकारी कारखान्यातल्या. खडकीच्या कारखान्यातली 'शक्तिमान' काडतुसं कधी मिळायची, कधी महिनोन् महिने नाही. मग नवे परवाने आटले. २०१६ साली नवे नियम आले, नवे नमुने, नवे दाखले, तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवान्यावर तीनाऐवजी दोनच हत्यारं ठेवता येऊ लागली. हे सगळं वाईट आहे असं मी म्हणत नाही. शहरात लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणारे पाहिले की नियम हवेत असंच वाटतं. पण वरातीतला पिस्तूलवाला आणि बांधावरचा ठासणीवाला एकाच चाळणीत घातले, की चाळणीवर कोण राहतो? ज्याच्याकडे वकील आहे तो. आमच्यासारखा खाली पडतो.

आमच्या घरचंच घ्या. आजोबांची बंदूक वडलांच्या नावावर झाली तेव्हा दोन फेऱ्या लागल्या. वडील गेल्यावर धाकट्या भावाने वारस म्हणून अर्ज केला. बंदूक नियमाप्रमाणे जमा केली. मग कचेरीच्या फेऱ्या. पोलिसांचा अहवाल, तलाठ्याचा दाखला, डॉक्टरचा दाखला, आणि शेवटी "साहेब बदलले, फाइल नव्याने लावा." तीन वर्षं. भावाने नाद सोडला. ठासणीच्या त्या बंदुकीला बाजारात किंमत शून्य. एखाद्या होमस्टेवाल्याने मात्र तिच्यासाठी चांगले पैसे दिले असते, मुकी करून.

ज्यांच्याकडे परवाने उरलेत त्यांचीही एक गंमत ऐका. निवडणूक लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा. मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे की सरसकट जमा करू नका, माणूस बघून, प्रत्येक परवान्याचा विचार करून ठरवा. त्यासाठी छाननी समितीही असते. पण गावात निरोप येतो तो एकच, "आणून टाका." आता महाराष्ट्राच्या विधानसभेचं मतदान कधी झालं ते आठवा. २०१४ ला १५ ऑक्टोबर. २०१९ ला २१ ऑक्टोबर. २०२४ ला २० नोव्हेंबर, आचारसंहिता १५ ऑक्टोबरपासून. आणि कोकणात भात पिकून पिवळं कधी होतं? नेमकं तेव्हाच. म्हणजे शेतीसंरक्षणासाठी दिलेली बंदूक, जेव्हा शेतीला संरक्षण हवं तेव्हा ठाण्यात. वडील हयात असताना अशाच एका निवडणुकीत बंदूक जमा करून आले, दुसऱ्या दिवशी सकाळी कुणग्यात उभे राहिले. कळपाने अर्धं भात लोळवलं होतं. हसत म्हणाले, "आता डुकरांका काय पंचनामो दाकवू?"

पंचनाम्याचंही तेच. भरपाई मिळते, मी नाही म्हणत नाही. पण कोकणातल्या एका सातबाऱ्यावर तीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत आणि चारपाच देवाघरी. भात कसतो एक, खाल्लं डुकराने, आणि संमतीपत्र हवं तिसांचं. भरपाईचा अर्ज करण्यापेक्षा शेत पडीक ठेवणं सोपं, असा हिशेब लोकांनी कधीच केलाय. डोंगरउताराची नाचणी गेली, वरी गेली, आता मळ्यातलं भातही चाललंय. पडीक जमिनीत रान वाढतं, रानात डुक्कर वाढतं, ते उरलेल्याच्या शेतात येतं.

आणि जो शेत सोडत नाही तो काय करतो? हे मी ज्यांना सुनावायला बसलोय त्यांनी नीट ऐकावं. तो तार लावतो.

शेताच्या बांधाला उघडी तार, रात्री त्यात वीज. परवाना नको, वही नको, दुकानदाराची उलटतपासणी नको. खर्च तारेचा. काही ठिकाणी याहून वाईट, खाद्यात लपवलेले गावठी बॉम्ब. डुकराने चावला की जबडा उडतो. गुराने चावला तरी उडतो. आणि फासे. फाशात डुक्कर अडकावं म्हणून लावतात, बिबट्या अडकतो, मग वनखात्याची गाडी, भुलीचं इंजेक्शन, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो.

आमच्या शेजारच्या वाडीत भाद्रपदात एक जण पहाटे पाटाचं पाणी वळवायला गेला तो परत आला नाही. शेजाऱ्याच्याच बांधाला तार होती. शेजारी लांबचा नव्हे, चुलत घरातला. दोघांनी एका ताटात जेवलेलं. तार लावणाऱ्याने कुणाला मारायचं म्हणून लावली नव्हती. पहाटे वीज काढायला तो उठला तेव्हा थोडा उशीर झाला, बस एवढंच. एक घर मयताचं, दुसरं सदोष मनुष्यवधाच्या खटल्याचं. दोन्ही घरातल्या बायका एकाच विहिरीवर पाणी भरतात, एकमेकींकडे न बघता. त्या वाडीत आता कुणी शेत करत नाही.

तारेला डोळे नसतात. डुक्कर, कुत्रा, बिबट्या, चुलतभाऊ, सगळे तिला सारखे. बंदुकीमागे निदान एक माणूस असतो. अंधारात खसफस झाली की चापावर बोट ठेवण्याआधी त्याला विचार करावा लागतो, हे काय आहे, कोण आहे. ठासणीवाल्याला तर जास्तच, कारण दुसरा बार नाही. आणि चूक झालीच तर ती कुणाची हे वहीत लिहिलेलं असतं.

आता कुणी म्हणेल, बंदुकीने काय माणसं मेली नाहीत? मेली. हाकाऱ्यात डुक्कर समजून माणसावर बार गेल्याच्या गोष्टी कोकणात प्रत्येक तालुक्यात सांगतात. चोरून शिकार करणारेही ठासणीच्याच बंदुका वापरतात. पण त्या बंदुका कुठल्या? बहुतेक बिनपरवान्याच्या, कुठल्या तरी भट्टीवर चोरून घडवलेल्या. नोंदलेली बंदूक मिळेनाशी झाली म्हणून न नोंदलेली नाहीशी होत नाही, उलट वाढते.

दुसरं कुणी म्हणेल, डुकरं मारणं म्हणजे पुन्हा शिकारीचे दिवस. हेही खरं नाही. पिकांचं नुकसान करणाऱ्या रानडुकराला मारण्याची परवानगी देण्याची सोय वन्यजीव कायद्यातच आहे. माधव गाडगिळांसारख्या, सारा जन्म सह्याद्रीच्या अभ्यासात घालवलेल्या शास्त्रज्ञाने नियंत्रित शिकारीची बाजू उघडपणे मांडलेली आहे. पण वनखात्याने कागदावर परवानगी दिली तरी डुक्कर मारायचं कशाने? कागदाने? एका खात्याने मार म्हणायचं आणि दुसऱ्याने हत्यार ठेवू द्यायचं नाही, ह्याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

आपल्याला लागूनच असलेल्या कर्नाटकात कोडगू जिल्हा आहे. तिथल्या कोडवा समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना बंदुकीच्या परवान्यातून ब्रिटिशांच्या काळापासून सूट आहे. २०१९ साली केंद्र सरकारने ती २०२९ पर्यंत वाढवून दिली. मी तेवढंही मागत नाही. सूट नको, परवाना हवा. आणि तो वेळेत हवा.

मागणी लांबलचक नाही. शेती कसणाऱ्याच्या वारसाचा अर्ज ठरावीक दिवसांत निकाली काढा. नाही म्हणायचं तर कारण लिहून नाही म्हणा. निवडणुकीत ठासणीची बंदूक जमा करायची तर छाननी करून करा, कापणीच्या दिवसांत सरसकट नको. प्रत्येक तालुक्यात दुरुस्तीची, दारूची, नोंदीची एक जागा राहू द्या, मग ती खाजगी दुकानात असो की सरकारी. आणि ह्यातलं काहीच द्यायचं नसेल तर डुकराला अडवणारं कुंपण द्या आणि तीस सह्यांशिवाय भरपाई द्या. ह्यातलं काही तरी एक. काहीच न देता वरून 'निसर्गाशी मैत्री करा' असं शिकवू नका. आमची त्याच्याशी मैत्रीच आहे. उधारी मात्र आम्हीच फेडतोय.

आणि त्या सुस्कारा सोडणाऱ्या पाहुण्यांना एवढंच सांगणं आहे. वेब्लीच्या वेलबुट्टीची आठवण खुशाल काढा, मीही काढतो. पण सकाळी परत जाताना गाडी जरा घाटाच्या खाली थांबवा आणि रस्त्याकडेच्या शेताचे बांध बघा. खांबावरून उतरून गवतात शिरलेली एखादी बारीक तार दिसेल. दिवसा तिच्यात वीज नसते. तिचाही फोटो काढा आणि होमस्टेच्या बंदुकीशेजारी लावा. आमच्या गावातून काय गेलं आणि त्याच्या जागी काय आलं, ते मग कुणाला वेगळं सांगायला लागणार नाही.